जपानी काष्ठठशांत पर्वत आणि अजिंठा

जपानी काष्ठठसा-चित्रांतील पर्वत म्हटले की होकुसाई यांचा फुजी आठवतो. त्यांच्या ‘फुजीची छत्तीस दृश्ये’ या मालिकेत प्रत्यक्षात ४६ चित्रे आहेत. या परंपरेचा धागा महाराष्ट्रापर्यंत आणला तो हिरोशी योशिदा (१८७६-१९५०) यांनी. स्वतः गिर्यारोहक असलेल्या योशिदांनी १९२६ मध्ये जपानी आल्प्सची चित्रमालिका केली. १९३०-३१ मध्ये पुत्र तोशी यांच्यासह त्यांनी भारतभ्रमण केले. त्यातून साकारलेल्या मालिकेत कांचनगंगा, ताजमहाल यांबरोबरच डोंगर कोरून घडविलेली अजिंठ्याची लेणीही आहेत.

या तंत्रात लाकडावर चित्र कोरतात आणि एकेक रंग हाताने दाबून कागदावर उठवतात. त्याच ठशांवर रंग बदलला की प्रहर बदलतो. योशिदांच्या १९२५ मधील मॅटरहॉर्न शिखराच्या चित्रात दिवस आणि रात्र अशीच अवतरली. पर्वत स्थिर, प्रकाश मात्र चंचल, हेच त्यांच्या चित्रांचे मर्म होय.

योशिदांच्या देखरेखीखाली छापलेल्या प्रतींच्या समासात ‘जिझुरी’ ही मुद्रा आढळते. त्यांच्या पश्चातही मूळ ठशांवरून प्रती निघाल्या. त्यामुळे संग्राहक आधी चित्र नव्हे, समास पाहतात.