खोडदची शांतता आणि आबाजींचा ट्रान्झिस्टर

मागच्या शनिवारी रिलीज होती, लिहायचं राहिलं. त्यामुळे आज जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमच्या अर्जुनी मोरगावच्या घरी आबाजींचा एक ट्रान्झिस्टर होता. संध्याकाळी नागपूर आकाशवाणी लागायची आणि नेमकं बातम्यांच्या वेळी शेजारी कोणीतरी पाण्याची मोटर सुरू करायचं. लगेच खर्रर्र... आबाजी अंगणातूनच ओरडायचे, "मोटर कोनं लावली रे?" पुढे इंजिनिअरिंगला याच खरखरीला ईएमआय म्हणतात असं शिकवलं. (तेव्हा हप्ते माहीत नव्हते :-))

हे आठवायचं कारण म्हणजे खोडद. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगाव लागतं, तिथून आत गेलं की जीएमआरटी. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, त्यातल्या १४ मधोमध दाटीने आणि बाकीच्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या पसरलेल्या, पार २५ किलोमीटरपर्यंत. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला सगळ्यांना आत सोडतात, तेव्हा गेलो होतो. पोहोचलो आणि पहिली सूचना: मोबाइल बंद.

गोविंद स्वरूप यांनी ही जागा निवडली त्यात मोठं कारण हेच होतं की तिथे माणसाने केलेला रेडिओ गोंगाट कमी. आजूबाजूला डोंगरांचा आडोसा आणि तरी पुणं हाताशी. त्या वेळी मोबाइल देशात आलेलेही नव्हते. आकाशातून येणारा सिग्नल इतका क्षीण असतो की चंद्रावर एक साधा मोबाइल ठेवला, तर तो आकाशातल्या सर्वांत प्रखर रेडिओ स्रोतांमध्ये गणला जाईल. आबाजींच्या मोटरची इथे काय कथा!

आता थोडा इतिहास. १९५१ साली हायड्रोजनची १४२० मेगाहर्ट्झची रेषा पहिल्यांदा पकडली गेली. शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की ही पट्टी कोणी प्रक्षेपणाला घेतली तर संपलंच. १९५९ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने, म्हणजे आयटीयूने, रेडिओ खगोलशास्त्राला एक स्वतंत्र 'सेवा' म्हणून मान्यता दिली. गंमत बघा, ही सेवा काहीच प्रक्षेपित करत नाही, नुसती ऐकते! १४०० ते १४२७ ही पट्टी आज अशी आहे की तिच्यात प्रक्षेपणच करायचं नाही.

आयटीयूचे रेडिओ नियम म्हणजे वाचायला महाकंटाळवाणा दस्तऐवज, पण त्याच्या तळटीपांमध्ये आपला देश सापडतो. ५.२२५ क्रमांकाची टीप: १५०.०५ ते १५३ मेगाहर्ट्झ, भारत आणि ऑस्ट्रेलियात रेडिओ खगोलशास्त्रालाही प्राथमिक हक्क. ५.३०७: ६०८ ते ६१४, भारतात तसाच हक्क. ३२२ ते ३२८.६ तर जगभर आहे, आपली १९७० ची उटीची दुर्बीण त्याच पट्टीत ३२६.५ वर ऐकते. जीएमआरटीचे सुरुवातीचे १५०, ३२५ आणि ६१० मेगाहर्ट्झचे रिसीव्हर याच कुंपणांशेजारचे.

पण विश्व प्रसरण पावतं. हायड्रोजन जितका दूरचा, तितकी त्याची रेषा खाली सरकते आणि कुंपणाबाहेर पडते. जानेवारी २०२३ मध्ये जीएमआरटीची बातमी आली: ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला एका दीर्घिकेतल्या हायड्रोजनचा सिग्नल सापडला. कुठे? साधारण ६२० मेगाहर्ट्झला. म्हणजे आपली राखीव पट्टी अवघ्या ६ मेगाहर्ट्झने हुकली! कागदावर त्या सिग्नलला कुठलंच संरक्षण नव्हतं. तो ऐकू आला, कारण खोडदला ती जागा अजून बऱ्यापैकी शांत आहे.

आणि कुंपणाच्या आतही सगळं आलबेल नाही. युरोपातल्या लोफार दुर्बिणीने २०२३ मध्ये ६८ स्टारलिंक उपग्रह तपासले, त्यातल्या ४७ मधून गळती सापडली आणि ती १५०.०५ ते १५३ या पट्टीतही होती. मुद्दाम केलेलं प्रक्षेपण नव्हे, आतल्या इलेक्ट्रॉनिक्सची नुसती खरखर. आयटीयूचे नियम मुख्यतः प्रक्षेपणाचे, त्यामुळे असली गळती त्यांच्यात नीट बसत नाही. डोंगराचा आडोसा तिथे काय करणार, ती वरून येते.

जमिनीवरची भांडणं मात्र वेगळी आहेत, आणि इथे माझी पंचाईत होते. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वे, २३५ किलोमीटर. मूळ मार्ग नारायणगाववरून. विजेच्या गाडीचा पेंटोग्राफ तारेवर ठिणग्या पाडतो, आणि ठिणगी म्हणजे सगळ्या फ्रिक्वेन्सींवर एकदम बोंब. २०२५ मध्ये रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी सांगितलं की जीएमआरटीमुळे त्या मार्गाने गाडी नेता येणार नाही, आणि अहिल्यानगर-शिर्डीवरून नवा मार्ग पुढे आला. मूळ मार्गावर काही गावांत जमीन खरेदीही झाली होती. जुन्नर-संगमनेरकडची माणसं भडकली, आणि का भडकू नयेत?

आमची गोंदिया-चांदा लाइन एकेकाळी नॅरो गेज होती. गाडीची वाट बघणं म्हणजे काय हे अर्जुनीच्या माणसाला कोणी शिकवू नये. आठशे कोटी वर्षं जुन्या हायड्रोजनसाठी तुमची गाडी दुसरीकडून गेली, हे नारायणगावच्या शेतकऱ्याला तोंडावर सांगायची माझी हिंमत नाही. तरीही, अशी दुर्बीण उचलून दुसरीकडे नेता येत नाही आणि रूळ वळवता येतात, म्हणून माझं मत दुर्बिणीच्या बाजूने. पण मग जुन्नरच्या लोकांना बदल्यात काय, हे कोणीतरी सांगायला हवं. नुसता 'देशाचा अभिमान' ऐकून एसटीची गर्दी कमी होत नाही.

शेजारचे काका आबाजींची हाक ऐकून मोटर बंद करायचे, पण बातम्या संपल्या की आबाजी स्वतःच ओरडून सांगायचे, "लाव आता."