कोपऱ्यातल्या गड्याचा भाव

आमच्या खडोलीत कबड्डीचा डाव मांडला की चढाईला जो तो पुढे. कोपरा सांभाळायला कुणी नको. तो माझ्या वाट्याला यायचा. चढाईवाल्याने बोनससाठी पाय लांबवला की घोट्यावर झेप घ्यायची. जरा आधी गेलात तर तो वरून उडी मारतो, उशीर झाला तर मध्यरेषेपर्यंत फरफटत नेतो. टाळ्या मात्र त्यालाच!

पकड करणाऱ्याची ही उपेक्षा जुनीच. 1923 साली बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने अखिल भारतीय स्पर्धा भरवली, 1936 साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनला खेळ दाखवला. तरी चांगल्या बचावपटूची कमाई म्हणजे रेल्वेत, पोलिसात नाहीतर बँकेत नोकरी. तो सौदा वाईट नव्हता म्हणा. गुडघा गेला तरी पगार चालू.

2014 मध्ये प्रो कबड्डी आली आणि पहिल्याच हंगामात मुंबईचा बचावपटू निलेश शिंदे बंगाल वॉरियर्सचा कर्णधार झाला. तीन किंवा कमी गडी उरलेले असताना पकड झाली तर दोन गुण, हा नियम तर आमच्यासाठीच केलेला. मग इराणचा फजल अत्राचली, अंगात कुस्ती मुरलेला डावा कोपरा. 2018 च्या लिलावात यू मुंबाने त्याच्यासाठी 1 कोटी मोजले. परदेशी खेळाडूला एवढा भाव पहिल्यांदाच मिळाला. आता कारखान्यातली पाळी संपवून मैदानावर आलेली आमची पोरं डाव्या कोपऱ्यावरून भांडतात.