शेजारी कोण होतं?

आमच्या वसईच्या घरात १९६४चा डिसेंबर अजून सरलेला नाही. त्या महिन्यात आंतरराष्ट्रीय युखरिस्तिक परिषदेसाठी पोप सहावे पॉल मुंबईत आले. भारतात आलेले ते पहिले पोप. आजी तेव्हा वीस वर्षांची. लाल लुगडं नेसून, फडक्यात भाकरी आणि सुकेळी (सुकवलेली केळी) बांधून, ती गावच्या बायकांबरोबर ओव्हल मैदानावर गेली.

"पोप दिसले का गं?" असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "दिसले की, तांदळाच्या कणीएवढे." आणि मग शेजारणीची गोष्ट सुरू व्हायची. केरळची बाई, पांढरा चट्टा-मुंडू नेसलेली. एकीचं बोलणं दुसरीला कळेना. शेवटची गाडी चुकली आणि दोघींनी चर्चगेटच्या फलाटावर एका चादरीत रात्र काढली. सुकेळं मोडून दोघींनी अर्धं अर्धं खाल्लं. नाव विचारायचं राहिलं, याची आजीला आजही हळहळ आहे.

५ ऑगस्ट २०२३. लिस्बनमध्ये, तेजो नदीकाठी, जागतिक युवा दिनाच्या जागरणासाठी मी चटई पसरली. एके काळी तिथे शहराचा कचरा टाकत असत. त्या रात्री तिथे सुमारे १५ लाख माणसं होती. दिवसभराच्या उन्हाने जमीन अजून ऊबदार होती. माझ्या पिशवीत आजीने बांधून दिलेली सुकेळी होती.

शेजारी अंगोलाची एक मुलगी होती. तिला पोर्तुगीज येत होती, मला नाही. तिने भाकरीसारखा गोल तुकडा पुढे केला आणि म्हणाली, "पाऊं." मी म्हटलं, "पाव!" ती चकित झाली. मग आम्ही शब्द शोधत बसलो. बटाटा, चावी, साबण. प्रत्येक शब्द तिच्याही घरात होता. मी तिला सुकेळं दिलं.

हे शब्द आमच्याकडे आले ते याच नदीतून निघालेल्या गलबतांबरोबर. १५३४मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि गलबतांमागून सत्ता आली, जबरदस्ती आली, क्रूसही आला. लिस्बनहूनच १५७९मध्ये थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट निघाला, गोव्यात मराठी शिकला आणि त्याने मराठीत ख्रिस्तपुराण रचलं. पणजोबांना त्यातल्या ओव्या पाठ होत्या. उपवासकाळात ते म्हणू लागले की शेजारपाजारचे ओटीवर येऊन बसायचे.

१७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. किल्ल्यातल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून दूर गेल्या. एक नाशिकला नारोशंकराच्या मंदिरात आहे, एक वाईजवळ मेणवलीला. पणजोबांचं सांगणं आजीने जसंच्या तसं जपलंय : "गलबतं गेली, घंटा गेल्या, आपण राहिलो." लहानपणी मला यात फक्त दुःख ऐकू यायचं. माथ्यावर राजा नाही, बोलवायला घंटा नाही, तरी माणसं ओटीवर एकमेकांशेजारी येऊन बसत राहिली, हे मला त्या नदीकाठी उमगलं.

रात्री पवित्र साक्रामेंताची आराधना सुरू झाली. इतक्या माणसांची शांतता मी आधी कधी अनुभवली नव्हती. वाऱ्याने झेंडे फडफडत होते, तेवढाच आवाज. अंगोलाची मुलगी गुडघ्यांवर होती. तिने न बघताच माझा हात धरला, आणि मला चर्चगेटचा तो फलाट दिसला, ती एक चादर दिसली.

पहाटे नदीपल्याड सूर्य उगवला. चटया गुंडाळायच्या आधी मी तिचं नाव विचारलं आणि वहीत लिहून घेतलं. आजीची साठ वर्षांची हळहळ माझ्या वाट्याला यायला नको होती.

घरी आल्यावर सगळ्यांनी विचारलं, पोप फ्रान्सिस जवळून दिसले का? आजीने सगळ्यांना बोलू दिलं. मग मला जवळ बसवून घेतलं.

"शेजारी कोण होतं गं, बाळा?"

मी वही उघडली आणि ते नाव मोठ्याने वाचलं. आजीने ते दोनदा म्हणून पाहिलं. संध्याकाळच्या जपमाळेत तिने आणखी एक प्रार्थना वाढवली, दोघींसाठी. एकीचं नाव घेऊन, आणि एकीचं नावाशिवाय.