क्लब नेमका कुणाचा? विम्बल्डनची दोन आयुष्यं

विम्बल्डन म्हटलं की आपल्याला टेनिस आठवतं. हिरवं गवत, पांढरे कपडे, स्ट्रॉबेरी. आजचा भाग त्याच भागातल्या एका फुटबॉल क्लबबद्दल आहे. हा क्लब एकदा कागदोपत्री दुसऱ्या शहरात नेला गेला आणि ज्यांचा तो होता त्यांनी तो पुन्हा शून्यापासून उभा केला.

सुरुवात १८८९ची. दक्षिण लंडनमधल्या विम्बल्डनच्या सेंट्रल स्कूलच्या माजी विद्यार्थ्यांनी एक संघ काढला. नाव विम्बल्डन ओल्ड सेंट्रल्स, मैदान म्हणजे विम्बल्डन कॉमन, गावाची मोकळी सार्वजनिक जागा. १९१२मध्ये क्लबला स्वतःचं मैदान मिळालं, प्लाऊ लेन. शब्दशः भाषांतर केलं तर नांगर गल्ली! पुढची अनेक वर्षं हा हौशी क्लब होता, म्हणजे खेळाडू दिवसा नोकरी करायचे आणि शनिवारी सामना खेळायचे. १९६३मध्ये त्यांनी हौशी संघांचा मोठा कप जिंकला. अंतिम सामन्यात सटन युनायटेडवर ४-२ असा विजय, आणि चारही गोल एडी रेनॉल्ड्सचे, चारही डोक्याने मारलेले. हे नाव लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

इंग्लंडमध्ये फुटबॉलची रचना शिडीसारखी आहे. वर चार व्यावसायिक विभाग आणि त्याखाली पायऱ्याच पायऱ्या. जिंकलात तर वर, हरलात तर खाली. पण १९७०च्या दशकात या शिडीत एक मोठी फट होती. खालच्या लीगमधून फुटबॉल लीगमध्ये शिरायचं तर नुसतं जिंकून भागत नसे, आतल्या क्लबांनी तुम्हाला मत द्यावं लागे. विम्बल्डनने १९७५, ७६ आणि ७७ अशी सलग तीन वर्षं सदर्न लीग जिंकली. १९७५च्या एफए कपमध्ये त्यांनी पहिल्या विभागातल्या बर्नलीला त्यांच्याच मैदानावर हरवलं. पुढच्या फेरीत लीड्स युनायटेड, तेव्हाचा इंग्लंडचा विजेता. गोलकीपर डिकी गायने पीटर लॉरिमरची पेनल्टी अडवली आणि सामना ०-० सुटला. फेरसामना विम्बल्डनने ०-१ गमावला, पण नाव झालं. १९७७मध्ये वर्किंग्टन क्लबच्या जागी त्यांना फुटबॉल लीगमध्ये घेतलं.

यानंतर काय झालं, तर नऊ वर्षांत हा क्लब चौथ्या विभागातून थेट पहिल्या विभागात पोहोचला. १४ मे १९८८ला वेम्बलीवर एफए कपचा अंतिम सामना झाला. समोर त्या वर्षीचा लीग विजेता लिव्हरपूल. लॉरी सँचेझने गोल केला, कर्णधार आणि गोलकीपर डेव्ह बीझंटने जॉन ऑल्ड्रिजची पेनल्टी अडवली. वेम्बलीवरच्या एफए कप फायनलमध्ये पेनल्टी अडवली जाण्याची ती पहिलीच वेळ. निकाल १-०. अकरा वर्षांपूर्वी जो क्लब लीगमध्येसुद्धा नव्हता, त्याच्या हातात कप.

आणि इथूनच उतरण सुरू झाली. कारण मैदान.

१९८९मध्ये हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली. त्यात ९७ लिव्हरपूल समर्थकांचा जीव गेला. त्यानंतरच्या टेलर अहवालाने सांगितलं, की वरच्या विभागांतल्या मैदानांवर उभं राहून सामना बघणं बंद, प्रत्येकाला खुर्ची हवी. नियम योग्यच होता. पण प्लाऊ लेन छोटं, जुनं मैदान होतं. मालक सॅम हमाम यांचं म्हणणं की ते सुधारणं परवडणार नाही. १९९१मध्ये क्लब क्रिस्टल पॅलेसच्या सेलहर्स्ट पार्कवर भाडेकरू म्हणून गेला. ‘तात्पुरतं’ म्हणून. हे तात्पुरतं बारा वर्षं चाललं. दरम्यान प्लाऊ लेनची जमीन एका सुपरमार्केट कंपनीला विकली गेली आणि शेवटी तिथे फ्लॅट झाले. त्या संकुलाचं नाव रेनॉल्ड्स गेट. हो, तोच एडी रेनॉल्ड्स. मैदान गेलं, इमारतीवर नाव राहिलं.

भाडेकरू क्लबला स्वतःचं उत्पन्न फार कमी आणि स्वतःचा पत्ता नाही. अशा क्लबच्या मालकाच्या डोक्यात साहजिकच विचार येतो: कुठेही खेळायचंच आहे, तर जिथे गिऱ्हाईक आहे तिथे का नको? एकदा डब्लिनला जायची योजना निघाली. तिला विरोध झाला आणि ती बारगळली. १४ मे २०००ला, कप जिंकल्याच्या बरोबर बारा वर्षांनी, क्लब प्रीमियर लीगमधून खाली आला. २००१मध्ये घोषणा झाली की क्लब मिल्टन कीन्सला जाणार. लंडनच्या वायव्येला, जवळपास ९० किलोमीटरवरचं हे नियोजित शहर. मोठी लोकसंख्या, पण लीगमधला एकही क्लब नाही. तिथले प्रवर्तक पीट विंकलमन यांना स्टेडियम बांधायचं होतं आणि त्यासाठी एक तयार क्लब हवा होता.

आपल्याकडे हे वाचून कुणी फार दचकणार नाही. २०१९मध्ये एफसी पुणे सिटी बंद झाला आणि इंडियन सुपर लीगमधली त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. फ्रँचायझीच्या खेळात जागा हीच मालमत्ता असते, ती विकता येते, हलवता येते. इंग्लंडमध्ये तसं नव्हतं. तिथे जागा मैदानावर जिंकून कमवायची आणि क्लब आपल्या गावात राहणार, असं सगळे धरून चालले होते. फुटबॉल लीगने सुरुवातीला परवानगी नाकारली. प्रकरण लवादाकडे गेलं आणि अखेर एफएने नेमलेल्या तीन जणांच्या आयोगासमोर आलं. २८ मे २००२ला आयोगाने २ विरुद्ध १ मतांनी क्लबला जायची परवानगी दिली. समर्थक म्हणत होते, तुम्ही क्लब नेलात तर आम्ही आमचा क्लब तळापासून नव्याने सुरू करू. आयोगाच्या अहवालात या कल्पनेबद्दल लिहिलं होतं की असं करणं फुटबॉलच्या व्यापक हिताचं नाही.

दोन दिवसांनी, ३० मेला, समर्थकांनी तेच केलं. क्रिस स्ट्युअर्ट आणि त्यांच्या सोबत्यांनी एएफसी विम्बल्डन स्थापन केला. खेळाडू? २९ जूनला विम्बल्डन कॉमनवर, म्हणजे जिथे ११३ वर्षांपूर्वी सुरुवात झाली होती तिथेच, खुली निवड चाचणी ठेवली. कुणीही यावं. सुमारे २३० जण आले. १० जुलैला सटनमध्ये पहिला मैत्रीपूर्ण सामना झाला. ०-४ असा सपाटून पराभव, आणि बघायला साडेचार हजारांहून जास्त माणसं.

लीग मिळाली ती कम्बाइन्ड काउंटीज, वरून मोजलं तर नववी पायरी. घरचं मैदान शेजारच्या किंग्स्टनमधलं किंग्समेडो. त्या पहिल्या हंगामात एएफसी विम्बल्डनची सरासरी उपस्थिती ३ हजारांच्या वर होती. त्याच वेळी ‘अधिकृत’ विम्बल्डन एफसी अजून सेलहर्स्ट पार्कवरच, दुसऱ्या पायरीवर खेळत होता आणि त्याची सरासरी उपस्थिती याहून कमी होती. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात याला फोर्क म्हणतात. कंपनी नाव आणि लायसन्स घेऊन एका दिशेने जाते, आणि वापरणारे लोक मूळ कोडची प्रत घेऊन दुसरीकडे कामाला लागतात. मग काही वर्षांनी कळतं की जीव कशात होता.

फेब्रुवारी २००३ ते डिसेंबर २००४ हा क्लब लीगचे सलग ७८ सामने हरला नाही. इंग्लंडच्या सीनियर फुटबॉलमधला हा विक्रम आहे. बढत्या मिळाल्या २००४, २००५, २००८, २००९मध्ये. २०११मध्ये ल्युटन टाउनविरुद्ध पेनल्टींवर जिंकून क्लब फुटबॉल लीगमध्ये परतला. नऊ वर्षं, पाच बढत्या.

दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं. जुना क्लब २००३मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला, त्याच वर्षी मिल्टन कीन्सला हलला आणि २००४मध्ये त्याचं नाव एमके डॉन्स झालं. २००७मध्ये त्यांनी विम्बल्डनच्या काळातले सगळे मान आणि चषकांच्या प्रतिकृती मर्टन या स्थानिक पालिकेच्या हवाली केल्या. म्हणजे १९८८चा कप आमचा नाही, हे त्यांनी मान्य केलं. आणि आज तिथे अशी तरुण मुलं आहेत जी जन्मापासून त्याच संघाची आहेत. त्यांनी कुणाचं काही चोरलं नाही. चूक व्यवस्थेची होती, तिने क्लब म्हणजे फक्त लीगमधली एक जागा असं धरलं. दोन्ही संघ पहिल्यांदा भेटले डिसेंबर २०१२मध्ये, एफए कपमध्ये. एमके डॉन्सने शेवटच्या क्षणी २-१ असा सामना नेला. एएफसीचा त्यांच्यावरचा पहिला विजय आला २०१४मध्ये, ३-२.

आता सगळं गोड झालं असं समजू नका. समर्थकांची मालकी म्हणजे मागे श्रीमंत मालक नाही. बहुमताचा हिस्सा डॉन्स ट्रस्टकडे, म्हणजे वर्गणी भरणाऱ्या सभासदांकडे. प्लाऊ लेनवर, जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर, कुत्र्यांच्या शर्यतीच्या जागेवर नवं स्टेडियम बांधायला घेतलं, आणि २०१९मध्ये पैसे कमी पडले. एक मार्ग होता, बाहेरचा गुंतवणूकदार आणून हिस्सा विकायचा. यावरून सभासदांत मोठा वाद झाला. कारण ‘बाहेरचा मालक’ या दोन शब्दांनी काय होतं ते याच लोकांनी भोगलं होतं. शेवटी समर्थकांनी कर्जरोखे काढले आणि आपापसांतून ५० लाख पौंडांच्या वर रक्कम उभी केली.

३ नोव्हेंबर २०२०ला डॉनकास्टरविरुद्ध पहिला सामना झाला, २-२. २९ वर्षांनी घरी परत, आणि कोविडमुळे स्टँडमध्ये एकही प्रेक्षक नाही! ज्यांनी पैसे घातले त्यांनी तो सामना घरी बसून पडद्यावर बघितला. २०२२मध्ये क्लब पुन्हा चौथ्या पायरीवर घसरला. सप्टेंबर २०२४मध्ये मुसळधार पावसात वँडल नदीचं पाणी मैदानात शिरलं, खेळपट्टीला भगदाड पडलं, आणि न्यूकॅसलविरुद्धचा घरचा सामना न्यूकॅसलला जाऊन खेळावा लागला. त्याच हंगामाच्या शेवटी, मे २०२५मध्ये, वेम्बलीवर वॉल्सॉलला १-० हरवून क्लब परत तिसऱ्या पायरीवर.

पुढच्या वर्षी तो पुन्हा खाली येऊ शकतो. खालच्या लीगमध्ये असंच चालतं. पण आता खाली आला तर तो प्लाऊ लेनवरच खाली येईल, आणि क्लब हलवायचा विषय कुणी काढलाच, तर तो सभासदांसमोर मांडावा लागेल. २००२मध्ये तीन जणांनी बंद खोलीत ठरवलं होतं. फरक एवढाच आहे, आणि तो मिळवायला या लोकांना १८ वर्षं लागली.

आजच्यापुरतं इतकंच, मंडळी. भेटू पुढच्या भागात.