धर्मापुरीच्या भिंतीवरील पहिला धडा: कॅरेक्टर अ‍ॅनिमेशनचे एक विवेचन

चित्राला हालचाल देणे आणि पात्रात जीव ओतणे या दोन वेगळ्या विद्या आहेत. दादासाहेब फाळके यांनी कथापट काढण्यापूर्वी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक फ्रेम टिपून पडद्यावर दाखवली होती. रोप डोळ्यांदेखत वाढते, पण त्याला काही हवे आहे असे पाहणाऱ्याला वाटत नाही. कॅरेक्टर अ‍ॅनिमेशनची सुरुवात या ‘हवे असण्या’पासून होते. पडद्यावरच्या देहाला वजन आहे, त्याच्या मनात काही आहे आणि ते साधायला त्याला वेळ लागतो, हे पटले की रेषांचे पात्र होते. डिस्नेचे फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ साली ग्रंथरूपाने मांडलेली बारा तत्त्वे कला महाविद्यालयांत पाठ करून घेतली जातात. त्यांतली बहुतेक भार, हेतू आणि काळ या तीन अंगांत सामावतात. पैकी पहिली दोन शिकण्यासाठी मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याला बीड जिल्ह्यातल्या धर्मापुरीइतके चांगले ठिकाण शोधून सापडणार नाही, असे माझे ठाम मत आहे.

धर्मापुरीचे केदारेश्वर मंदिर कल्याणी चालुक्यांच्या काळातले. त्याच्या बाह्यभिंतीवर सुरसुंदरींच्या, म्हणजे वेगवेगळ्या क्रियांत दाखवलेल्या सुंदर स्त्रियांच्या, मूर्ती आहेत. इतिहासाचे आणि मूर्तिशास्त्राचे अभ्यासक त्या पाहतात. अ‍ॅनिमेशनचे विद्यार्थी मात्र तिकडे क्वचितच वळतात. वास्तविक अ‍ॅनिमेटर ज्याला ‘की पोझ’ म्हणतो, म्हणजे क्रियेचा सगळा अर्थ ज्या एका अवस्थेत एकवटतो ती अवस्था, हीच त्या काळच्या शिल्पकाराची रोजची समस्या होती. त्याच्या हाती एकच फ्रेम होती.

प्रथम भार. शिल्पशास्त्राने उभ्या देहाच्या अवस्था समभंग, आभंग, त्रिभंग आणि अतिभंग अशा सांगितल्या आहेत. समभंगात दोन्ही पायांवर सारखे वजन असते आणि मधली उभी रेषा, म्हणजे ब्रह्मसूत्र, देहाचे दोन सारखे भाग करते. अशी आकृती भव्य दिसते, पण ती कुठे जाईल असे वाटत नाही. त्रिभंगात वजन एका पायावर जाते. त्या बाजूचे नितंब वर आणि बाहेर येते, त्याच बाजूचा खांदा खाली उतरतो, मान पुन्हा उलट कलते. कंबर आणि खांदे यांच्या रेषा एकमेकींना छेद देऊ लागतात आणि पाठीच्या कण्यातून एक वळणदार रेषा वाहते. अ‍ॅनिमेशनच्या वर्गात ‘लाइन ऑफ अ‍ॅक्शन’ म्हणतात ती हीच. येथे एक साधी कसोटी लावून पाहावी. गळ्याच्या खळगीतून कल्पनेने ओळंबा सोडावा. एका पायावर तोललेल्या देहात तो भार पेलणाऱ्या पावलाजवळ उतरतो. तो पावलाबाहेर गेला, तर देह पडतो आहे किंवा पुढचे पाऊल टाकतो आहे. चालणे म्हणजे हा ओळंबा पुन्हा पुन्हा बाहेर जाऊ देणे आणि पुढच्या पावलाने सावरणे. नवशिक्यांची पात्रे जमिनीवरून घसरल्यासारखी चालतात, कारण पाय हलतात पण ओळंबा जागचा हलत नाही.

हेतूचे अंग अधिक अवघड. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात मार्कंडेय वज्र राजाला सांगतात, की नृत्य जाणल्याशिवाय चित्र कळत नाही. त्याच ग्रंथात खऱ्या चित्रज्ञाची एक विलक्षण परीक्षा आहे: झोपलेल्यात चेतना आहे आणि मेलेल्यात ती नाही, हे ज्याला दाखवता येते तोच चित्र जाणतो. हालचाल दोघांतही नाही. फरक आहे तो देहातल्या ताणाचा. सुरसुंदरींचे ठरलेले प्रकार या दृष्टीने पाहावेत. आरशात पाहणारीची नजर आधी जाते, मान तिच्यामागे वळते, खांदा सर्वांत शेवटी. पायातला काटा काढणारीचे सगळे शरीर त्या एका टोकाभोवती गोळा होते. विद्यार्थ्याने अशा मूर्तीची हुबेहूब नक्कल करण्यात दिवस घालवू नये. तिच्या आधीची आणि नंतरची अवस्था काढावी. या दोन चित्रांत पात्राच्या मनातले उतरले नाही, तर मूर्ती आपल्याला कळलीच नाही असे समजावे.

काळ मात्र दगड शिकवत नाही. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या, तर हातातून सुटलेली वस्तू पहिल्या तीन फ्रेममध्ये सुमारे ८ सेंटिमीटर, पुढच्या तीनमध्ये २३, मग ३८ आणि मग ५४ सेंटिमीटर खाली येते. हे १, ३, ५, ७ असे प्रमाण चुकले की लोखंडाचा गोळाही कागदासारखा तरंगतो. पण जिवंत देहाचा काळ नुसत्या सूत्राने मिळत नाही, तो माणसे पाहून मिळतो. ज्या जिल्ह्यात धर्मापुरी आहे, तिथून दर हंगामात हजारो ऊसतोड कामगार कारखान्यांकडे जातात. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारा माणूस बारकाईने पाहा. मान ताठ, डोके जवळजवळ एका पातळीत; चढउतार सगळा गुडघे आणि कंबर सोसतात. फळी लवते, तो क्षणभर थांबतो, ती वर येते तसे पुढचे पाऊल पडते. त्या थांबण्यात किती फ्रेम जातात हे मोजणे म्हणजे टायमिंगचा अभ्यास. हे कष्ट रेखाटताना त्या माणसाबद्दल आदर असावा, हेही अभ्यासाचाच भाग आहे.

आपल्याकडे कॅरेक्टर अ‍ॅनिमेशनचे शास्त्र आले ते डिस्नेच्या पद्धतीतून. १९५६ साली डिस्नेत काम केलेले अ‍ॅनिमेटर क्लेअर वीक्स मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कलावंतांना शिकवायला आले. त्या पिढीतले राम मोहन पुढे भारतीय अ‍ॅनिमेशनचे अध्वर्यू ठरले. सर जे. जे. मध्ये उपयोजित कला शिकलेल्या गीतांजली राव राम मोहन यांच्या स्टुडिओत अ‍ॅनिमेशन शिकल्या आणि ‘प्रिंटेड रेनबो’ हा लघुपट घेऊन २००६ साली कान चित्रपट महोत्सवापर्यंत पोहोचल्या. या परंपरेत आधी चित्रकलेचा हात तयार झाला, साधने नंतर आली. आज अनेक ठिकाणी पहिल्याच आठवड्यात सॉफ्टवेअर उघडले जाते. बटण दाबले की मधल्या फ्रेम आपोआप भरतात, आणि दोन चुकीच्या अवस्थांच्या मधोमध तितक्याच चुकीच्या अवस्था तयार होतात. संगणकाला दोष देण्यात अर्थ नाही. ओळंबा कुठे पडतो हे त्याला सांगणारा माणूसच तयार झालेला नसतो.

म्हणून कला महाविद्यालयांच्या शिक्षकांना विनंती आहे. पहिल्या वर्षाची अभ्याससहल धर्मापुरीला न्या आणि तिथे किमान दोन दिवस थांबा. कॅमेरे पिशवीत ठेवायला सांगा. एकेका विद्यार्थ्याला एकेक मूर्ती द्या, तिच्या आधीच्या आणि नंतरच्या अवस्था काढून घ्या आणि परतल्यावर त्यांची पेन्सिल टेस्ट, म्हणजे कच्ची रेखाटने क्रमाने चित्रित करून हालचाल तपासणे, करा. सॉफ्टवेअर त्यानंतर शिकवा.