कुलूप लागलेल्या शाळा



आपल्यापैकी कोणी घर घ्यायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "शाळा कुठली लागते?" बेडरूम्स किती, हे नंतर. उत्तर व्हर्जिनियात घर शोधताना मीही तेच केलं. पेशाने कॉम्प्युटरवाला, त्यामुळे चक्क एक्सेल शीट बनवली. हद्दीतली शाळा, मॅग्नेट शाळा, गिफ्टेड वर्ग... रकान्यांवर रकाने! याच राज्यातल्या एका काउंटीत एकेकाळी पाच वर्षं त्या सगळ्या रकान्यांत शून्य भरावं लागलं असतं, हे तेव्हा माझ्या गावीही नव्हतं.

ती काउंटी म्हणजे प्रिन्स एडवर्ड. मुख्य गाव फार्मव्हिल, रिचमंडच्या नैऋत्येला.

१९५१ साली व्हर्जिनियात काळ्या-गोऱ्या मुलांच्या शाळा कायद्यानेच वेगळ्या होत्या. काळ्या मुलांच्या मोटन हायस्कूलची इमारत १८० जणांसाठी बांधलेली, आणि मुलं ४५० च्या वर. जागा पुरेना, म्हणून काउंटीने आवारात डांबरी कागद ठोकलेल्या खोल्या उभ्या केल्या. २३ एप्रिलला बार्बरा जॉन्स या १६ वर्षांच्या मुलीने मुख्याध्यापकांना एका खोट्या फोनने शाळेबाहेर काढलं, मुलांना सभागृहात जमवलं आणि संप पुकारला. मागणी साधी होती, चांगली शाळा द्या.

ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन हे वकील मदतीला आले, पण त्यांची अट होती : वेगळी चांगली शाळा नको, सगळ्यांची एकच शाळा मागा, तरच लढतो. पालक तयार झाले. हा खटला पुढे 'ब्राऊन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन' मधल्या पाच खटल्यांपैकी एक झाला. १७ मे १९५४ ला सुप्रीम कोर्टाने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण व्हर्जिनियात स्कूल बोर्डाला स्वतः कर लावता येत नाही, काउंटीचा पैसा बोर्ड ऑफ सुपरवायझर्स मंजूर करतं. १९५९ मध्ये एकत्र शाळा सुरू करायची वेळ आली, तेव्हा सुपरवायझर्सनी शाळांसाठी पैसेच मंजूर केले नाहीत. ना रहेगा बाँस! सगळ्या सरकारी शाळांना कुलूप लागलं. गोऱ्या मुलांसाठी खाजगी अकॅडमी निघाली, तिच्या फीला सरकारी अनुदानही मिळालं. सुमारे १७०० काळी मुलं मात्र घरी बसली. कोणी परराज्यात नातेवाईकांकडे गेलं, कोणी चर्चच्या तळघरात जमेल तेवढं शिकलं, कित्येक जण परत शाळेत गेलेच नाहीत.

१९६३ मध्ये केनेडी सरकारच्या पुढाकाराने, देणग्यांवर 'फ्री स्कूल्स' निघाल्या. अखेर २५ मे १९६४ ला सुप्रीम कोर्टाने ग्रिफिन खटल्यात काउंटीविरुद्ध निकाल दिला आणि सरकारी शाळा पुन्हा उघडल्या. १९५९ मध्ये पहिलीत जायला निघालेलं सहा वर्षांचं पोर तोवर अकरा वर्षांचं झालं होतं.

महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अर्पण केला तो अमेरिकेतल्या लोकांना, गुलामांना दास्यातून मुक्त केल्याबद्दल. पुण्यात १८४८ साली मुलींची शाळा काढणाऱ्या जोतिरावांना दास्यमुक्ती आणि शाळा यांचं नातं पक्कं ठाऊक होतं. त्यानंतर ८६ वर्षांनी त्याच अमेरिकेतल्या एका काउंटीने शाळांना कुलूप लावलं.

जुन्या मोटन शाळेत आता संग्रहालय आहे. गेल्या वर्षी मुलीला घेऊन गेलो होतो. परतताना गाडीत तिने विचारलं, "बाबा, पाच वर्षं ती मुलं काय करत होती?" मला धड उत्तर देता आलं नाही.

घरी आल्यावर ती एक्सेल शीट उघडून पाहिली. शाळांचे गुण होते, अंतर होतं, घराच्या किमती होत्या. त्या शाळांना पैसे कोण मंजूर करतं, हा रकानाच नव्हता. या वसंतात आमच्या काउंटीच्या बजेटच्या जाहीर सुनावणीला मी पहिल्यांदा जाऊन बसलो. तुम्हीही या, खुर्च्या बऱ्याच रिकाम्या असतात.