बाटलीवर नसलेलं नाव

तर मंडळी, गेल्या वर्षी हापिसच्या कामाने मेक्सिकोत ग्वादालाहाराला जाणं झालं. शनिवारी संध्याकाळी तिथला सहकारी एका गल्लीतल्या बारमध्ये घेऊन गेला. सहा-सात स्टुलं, फळीवर साध्या बाटल्या, आणि मिळते फक्त अगेव्हची दारू. अगेव्ह म्हणजे आपलं घायपात हो! आजोबांच्या बांधावर होतं, त्याचे काटे चुकवत आम्ही बोरं वेचायचो. मूळचं ते इकडचंच.

इथे ते सात-आठ वर्षं वाढवतात, पानं छाटून मधला गड्डा काढतात, खड्ड्यात तापलेल्या दगडांवर भाजतात, ठेचतात, आंबवतात आणि मग गाळतात. 'मेझकाल' या नाउआत्ल शब्दाचा अर्थच 'भाजलेलं घायपात'. टकीला हीसुद्धा मुळात टकीला गावची मेझकालच.

बारवाल्याने दक्षिण हालिस्कोतल्या खेड्याची एक बाटली काढली. भाजक्या कंदाची गोडी, हलका धूर... वा! पण लेबलवर मेझकाल शब्दच नाही, नुसतं 'अगेव्हची गाळलेली दारू'. म्हटलं, हे काय?

कारण कायदा. १९७४ मध्ये 'टकीला' या नावाला संरक्षण मिळालं, पण ती निळ्या अगेव्हचीच हवी. या खेड्यांत वापरतात दुसऱ्याच जाती. १९९४ मध्ये 'मेझकाल'लाही संरक्षण मिळालं, आणि यादीत वाहाका धरून पाच राज्यं आली. पुढे यादी वाढली, हालिस्को मात्र बाहेरच.

गंमत बघा. १५६५ पासून फिलिपिन्सहून जहाजं येऊ लागली. त्यांतून आलेल्या फिलिपिनो लोकांनी शेजारच्या कोलिमात माडी गाळायची भट्टी आणली, आणि तीच पुढे घायपाताला लागली, असं बरेच संशोधक मानतात. म्हणजे ही कला जिथे रुजली असावी, त्याच भागातल्या माणसाला आजोबांचा शब्द बाटलीवर लिहायची बंदी! १७८५ मध्ये स्पेनच्या राजाने स्थानिक दारूवरच बंदी घातली होती, तेव्हा हे लोक चोरून गाळत राहिले. आता दारू उघड आहे, चोरून घ्यायचं ते नाव.

आपल्याकडे गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलंच झालं. नकली मालाला आळा हवाच. पण नकाशावर रेघ ओढताना पलीकडे कोण राहिलं, तेही बघायला हवं.

निघताना बारवाल्याला विचारलं, "तुम्ही हिला काय म्हणता?"

इकडे-तिकडे बघून हसत म्हणाला, "मेझकाल."

असो.